डावीकडून तिसरे

रात्री घरातले सगळे झोपले की मी कानात इयरफोन घालून मोबाइलवर उत्तमोत्तम सिनेमे बघतो. परदेशी, पारितोषिकं मिळालेले, ज्यात पहिला अर्धा तास कुणी बोलतच नाही असे. मध्ये कुणी चहा मागत नाही, दार वाजत नाही. आणि सकाळी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गाडी थांबेपर्यंत त्यातलं काहीही माझ्या डोक्यात उरलेलं नसतं. परवा ऑफिसात एकानं एका सिनेमाचा शेवट कसा वाटला म्हणून विचारलं. मी त्याला भलत्याच सिनेमाचा शेवट सांगितला. त्याला तो पटला.

उलट सासुरवाडीला पाहिलेला सिनेमा मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. सासुरवाडी वाईची. यात काय विशेष, असं ज्यांना वाटतं त्यांनी वाईकरांच्या घरात बसून हिंदी सिनेमा पाहिलेला नाही.

रविवारी आम्ही दुपारच्या जेवणाला तिकडे जातो. जेवण झालं की मामा, म्हणजे माझे सासरे, टीव्हीसमोरची चांगली खुर्ची मला देतात. जावयाला खुर्ची मिळते, रिमोट मिळत नाही. "जरा गप्प बसता का" असं म्हणायचीही सोय नाही. बाकीची मंडळी दिवाणावर, सतरंजीवर, उंबऱ्यात, जमेल तिथे टेकतात आणि सिनेमा सुरू होतो. उत्तर प्रदेशातलं गाव. नदी, काळ्या दगडाच्या पायऱ्या, धुणं धुणाऱ्या बायका. दुःखी नायक पायऱ्या उतरून पाण्याकडे चाललेला. माझा घसा नुकताच दाटून यायला लागलेला असतो, तेवढ्यात सासूबाई ओरडतात, "अगं बाई, मेणवली!"

झालं. नायकाला कसलं दुःख आहे ते आता देवालाच ठाऊक. मेणवली म्हणजे वाईशेजारचं गाव. पुढचा बराच वेळ तिथल्या घाटाची ती पायरी नेमकी कुठली, वरच्या अंगाचं झाड पडलं की पाडलं, आणि पाडलं असेल तर कुणी, यावर चर्चा चालते. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिकडून आलेली ती मोठी घंटा कुठे कोपऱ्यात दिसते का, म्हणून मामा पुढे सरकतात. तिकडे नायिकेचं लग्न दुसरीकडे ठरतं. मामा म्हणतात, "कॅमेरा जरा उजवीकडं घ्यायला काय झालं होतं यांना?"

त्यांना तरी किती दोष द्यायचा? 'गंगाजल' (२००३) मधलं बिहारचं तेजपूर शोधायला निघालात तर वाईत येऊन पोचाल. 'स्वदेस' (२००४) मधलं चरणपूर म्हणजे मेणवली. 'दबंग' (२०१०) मधल्या लालगंजासाठी पुन्हा वाई. मुंबईहून सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं, घाट आहेत, देवळं आहेत, नाना फडणवीसांचा वाडा आहे, मागे डोंगर फुकट. दिग्दर्शकाला आणखी काय हवं? कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते असं आम्ही शाळेत शिकलो. वाटेत वाईला ती बिहार आणि उत्तर प्रदेश करून येते हे पुस्तकात नव्हतं. 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) आल्यापासून तर वाई तमिळनाडूतही मोडते.

पण खरी परीक्षा तात्यांची. तात्या म्हणजे मामांचे धाकटे भाऊ. शूटिंग असलं की गर्दीत उभं राहायला माणसं लागतात. तशा एका गर्दीत तात्या उभे राहिले होते. सिनेमाचं नाव मी सांगत नाही, तात्या भेटले की न विचारता कळेल. बाजाराचा प्रसंग आहे. नायक नायिकेला काहीतरी फार महत्त्वाचं सांगतोय. मागून बैलगाडी जाते, आणि ती गेली की मळकट फेट्यांची एक रांग दिसते. डावीकडून तिसऱ्या फेट्याखाली तात्या आहेत. पाठमोरे.

हा प्रसंग जवळ आला की घरात लगबग सुरू होते. आत काकूंना हाक जाते. मेव्हणा निमूटपणे रिमोट तात्यांच्या हातात देतो. "आता बघा हां, जावईबापू. बैल जाऊ द्या. बैल जाऊ द्या... हं!" चित्र थांबतं ते बैलाच्या शेपटावर. दहा सेकंद मागे. पुन्हा बैल. या खेपेला बटण उशिरा दाबलं जातं. नायिका डोळे अर्धवट मिटलेल्या अवस्थेत अडकते आणि तिच्या झुमक्यापलीकडे फेट्याचा एक कोपरा दिसतो. तात्या उठतात, टीव्हीपाशी जातात आणि त्या कोपऱ्यावर बोट टेकवतात. रविवारच्या जेवणात भजी असतातच. त्यामुळे पडद्यावर त्या जागी एक तेलकट ठसा बसलेला आहे. बातम्या लावल्या तर तो निवेदिकेच्या गालावर असतो, क्रिकेट लावलं तर शॉर्ट लेगला. काकू तो पुसत नाहीत. "पुसला तर परत पहिल्यापासून शोधत बसतील," म्हणतात.

"दिग्दर्शक म्हणाला होता, हलायचं नाही," तात्या मला दर वेळी सांगतात. "बाकीचे हलले. बघा, तो पहिला कसा मान खाजवतोय. मी हललो नाही."

आणि खरंच, तात्या हललेले नाहीत. इतका स्थिर अभिनय त्या सिनेमात दुसऱ्या कुणाचाही नाही.

आता हा सिनेमा मला का आठवतो आणि रात्रीचे पारितोषिकवाले का नाही? ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी बर्लिनमध्ये केलेला एक प्रयोग १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी एका वेटरची गोष्ट सांगतात. बिल भागेपर्यंत कुणी काय मागवलंय ते त्याला तोंडपाठ असायचं, पैसे हातात पडले की पाटी कोरी. बाईंनी लोकांना कोडी सोडवणं, मणी ओवणं अशी किरकोळ कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारलं तर थांबवलेली कामंच लोकांना जास्त आठवत होती. पुढे इतरांना हा प्रयोग दर वेळी तसाच साधला नाही, असं म्हणतात. त्यांनी तो वाईत करायला हवा होता.

मालिकावाल्यांना हे न शिकताच येतं. दाराची बेल वाजते, सून गर्रकन वळते, तिचा चेहरा तीनदा दाखवतात आणि भाग संपतो. शनिवारी वाजलेली ती बेल सोमवारपर्यंत काकूंच्या डोक्यात वाजत राहते. सोमवारी दारात दूधवाला निघतो. पण तो दूधवाला काकूंच्या लक्षात राहतो, घरचा राहत नाही. त्याचं बिल मागच्या महिन्याचंही द्यायचंय.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. रामानंद सागरांचं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला. तेव्हा यांच्याकडे टीव्ही नव्हता. समोरच्या घरात सगळी आळी जमायची, चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत. राम वनवासाला निघाला त्या रविवारी सासूबाई कुकर एका शिट्टीवर उतरवून पळाल्या होत्या आणि दुपारी घरादारानं कच्ची डाळ विनातक्रार खाल्ली, हे त्या अजून सांगतात. कोण कुणाच्या पुढे बसलं होतं, कुणाचं पोर भरतभेटीच्या वेळी भोकाड पसरून रडलं, सगळं पाठ. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेच 'रामायण' पुन्हा लागलं. आता घरचा मोठा टीव्ही, पंखा, मांडीवर भाजी निवडायला घेतलेली. भरतभेट झाली. सासूबाई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या वेळी भरत काही तेवढा रडला नाही."

गुणवत्तेचा यात काही संबंध असतो का? असतो, पण समीक्षक समजतात तेवढा नाही. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. त्याची मूळ गोष्ट १९६६ च्या 'बीवी और मकान' मधली. मूळ सिनेमा आज किती जणांनी पाहिलाय? आणि 'बनवाबनवी' टीव्हीवर लागला की आमचा मेव्हणा पात्रांच्या आधी वाक्यं म्हणतो, अगदी साडीच्या रंगासकट. त्या सिनेमाइतकंच श्रेय मी पुण्यातल्या घरमालकांना देईन. साताऱ्याकडचं प्रत्येक दुसरं पोर शिकायला नाहीतर नोकरीला पुण्याला जातं आणि खोली शोधताना "एकटे मुलगे चालत नाहीत" हे ऐकून परत येतं. मेव्हण्यानं तर तीन घरं बदलली. त्याच्यासाठी ती विनोदी गोष्ट नाहीच, चरित्र आहे.

मागे कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. संध्याकाळ मोकळी होती, म्हणून एका मल्टिप्लेक्समध्ये शिरलो. एकटाच. म्हटलं, आज एक सिनेमा नीट, अखंड बघू. पडद्यावर उत्तरेतलं कुठलंसं गाव आलं, नदी आली, काळ्या पायऱ्या आल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मेणवली!"

पुढच्या रांगेतला माणूस वळला. मला वाटलं, आता झापणार.

"मेणवली कुठली?" तो म्हणाला. "गंगापुरीचा घाट आहे हा. मी वाईचाच."

"अहो, पायऱ्यांची वळणं बघा की."

"वळणं काय बघता? मेणवली असती तर घंटा दिसली असती."

"कॅमेरा उजवीकडं घेतलाच नाही ना त्यांनी!"

आजूबाजूचे पुणेकर शुक शुक करायला लागले. पडद्यावर कुणीतरी मेलं, बहुधा नायकाचा बाप. तोवर तो गृहस्थ माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला होता. त्याची मावशी धोमला असते आणि ती काकूंना ओळखते असंही निघालं. पण घाटाचा निकाल काही लागेना. शेवटी मध्यंतरात मी बाहेर येऊन तात्यांना फोन लावला आणि सगळा प्रसंग वर्णन करून सांगितला. पायऱ्या, पाणी, प्रेत, सगळं.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मागं गर्दी आहे का?" त्यांनी विचारलं. "असली तर डावीकडून मोजा."