“मेंदूत नियम-बियम काही नसतात” म्हणे!

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय, की मेंदू म्हणजे नुसतं न्यूरल नेटवर्क (न्यूरॉन या मेंदूतल्या पेशींचं जाळं), आत नियम, चिन्हं (गणितातल्या ‘क्ष’सारखी, कशाच्याही जागी चालणारी) वगैरे काही नाही, हजारदा बघायचं आणि अंदाज बांधायचा एवढंच, आणि चॅटजीपीटीने हे सिद्ध केलंय. एकेक बघू.

“न्यूरॉनला नियम कळत नाही.” अहो, न्यूरल नेटवर्कची सुरुवातच लॉजिकपासून झाली, मॅककलक आणि पिट्स या संशोधकांचा १९४३ चा पेपर त्यावरच होता. ते कागदावरचं म्हणून सोडा. २००१ मध्ये वॉलिस, अँडरसन आणि मिलर यांनी माकडांना आधी एक चित्र दाखवलं मग दुसरं, आणि नियम दोन, एकात चित्रं सारखी असली तर लिव्हर सोडायचा, दुसऱ्यात वेगळी असली तर, आणि आत्ता कुठला नियम ते कधी ज्यूसच्या थेंबाने तर कधी आवाजाने सांगायचे. कपाळामागच्या भागातले बरेच न्यूरॉन चालू नियमाप्रमाणे कमीजास्त पेटत होते, चित्र कुठलंही असो, खूण कुठलीही असो! म्हणजे आहे नेटवर्कच, पण काम चिन्हाचं करतंय.

“मूल हजारदा ऐकूनच शिकतं.” मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कसने १९९९ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना दोनच मिनिटं ‘गा ति गा’, ‘लि ना लि’ असलं ऐकवलं, मग कधीच न ऐकलेले आवाज, ‘वो फे वो’ आणि ‘वो फे फे’. साचा मोडला की बाळं जास्त वेळ त्या आवाजाच्या दिशेने बघायची. ‘नुसतं नेटवर्क पुरतं’ म्हणणाऱ्यांनी यावर उत्तरं दिलीत, वाद मिटलेला नाही, पण ‘हजारदा’ तर नक्कीच नाही.

“चॅटजीपीटीने सिद्ध केलं.” काय सिद्ध केलं? चॅटजीपीटीसारख्याच लामा ३ या मॉडेलला १५ लाख कोटी टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) चारले, मूल दहा वर्षांत फार तर दहा कोटींच्या आसपास शब्द ऐकतं. आणि गूगलच्या डीपमाइंडच्या अल्फाजॉमेट्री या एआयने २०२४ मध्ये गणित ऑलिंपियाडची भूमितीची ३० पैकी २५ गणितं सोडवली ती नेटवर्कला नियमांचं इंजिन जोडूनच. (यावरून मेंदूही तसाच असं मी म्हणत नाहीय हां.)

“चिन्हं मेंदूत दिसत नाहीत.” ‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणूस कुत्र्याला चावला’ यातला फरक मग कळतो कसा? फ्रँकलंड आणि ग्रीन यांना २०१५ मध्ये स्कॅनमध्ये डाव्या कानाच्या वरच्या बाजूला दोन शेजारशेजारच्या जागा सापडल्या, एकीत ‘कोणी केलं’, दुसरीत ‘कोणाला केलं’. आता त्या जागा न्यूरॉन नेमक्या भरतात कशा, यावर भांडा की, तिथे खरंच भांडण्यासारखं आहे.