‘नोकरी सुटली की पेन्शन काढून मोकळे व्हा’: एका व्हायरल संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

कारखाने, गोदामे आणि दुकानांत काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: पगारातून पेन्शनसाठी कापलेले पैसे दहा वर्षे नोकरी झाली नाही तर बुडतात, मध्येच माणूस गेला तर ते सरकारजमा होतात आणि बायको-मुलांच्या हाती काही पडत नाही, अपंगत्व आले तर कोणी विचारत नाही, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) म्हणजे सर्दी-खोकल्याच्या गोळ्या, आणि एवढे करून पेन्शन मिळालीच तर ती हजार रुपये. तेव्हा नोकरी सुटली की फंड आणि पेन्शन दोन्ही काढून मोकळे व्हा. यातली शेवटची तक्रार रास्त आहे. बाकीची विधाने चुकीची किंवा अर्धवट आहेत, आणि त्यांवर आधारलेला सल्ला कामगाराचे आयुष्यभराचे नुकसान करणारा आहे. म्हणून प्रत्येक मुद्द्याचे स्वतंत्र उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा पगारातून होणाऱ्या कपातीचा. कामगाराच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून जे १२ टक्के कापले जातात, ते पूर्णपणे त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे फंडाच्या, खात्यात जमा होतात. त्यातला एक रुपयाही पेन्शनकडे जात नाही. पेन्शनची रक्कम मालकाच्या १२ टक्क्यांतून येते: त्यातले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ज्याला आपण ईपीएस-९५ म्हणतो तिच्यात, आणि उरलेले ३.६७ टक्के फंडात जातात. यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये धरली जाते, त्यामुळे मालकाकडून पेन्शनसाठी महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये भरले जातात. त्यात केंद्र सरकार १.१६ टक्क्यांची भर घालते. अनेक कंपन्या नेमणूकपत्रात मालकाचा हिस्साही एकूण पगारात मोजून दाखवतात, त्यामुळे तो आपल्याच खिशातून गेला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पेन्शन योजनेत कामगाराची स्वतःची कपात नाही, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. (१ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच नोकरीला लागलेल्या आणि १५,००० रुपयांहून अधिक मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांना ही पेन्शन योजना लागूच होत नाही, त्यांच्या बाबतीत मालकाचा पूर्ण हिस्सा फंडात जातो.)

दुसरा मुद्दा दहा वर्षांचा, आणि गैरसमजाचे मूळ इथेच आहे. दहा वर्षांची अट ५८ व्या वर्षी मिळणाऱ्या मासिक पेन्शनसाठी आहे. ही दहा वर्षे एकाच कंपनीत भरावी लागत नाहीत. युएएन, म्हणजे फंडाच्या खात्यासाठी मिळणारा कायमचा सभासद क्रमांक, एकच ठेवून जुन्या नोकरीतली सेवा नव्या नोकरीत वर्ग केली, तर सगळ्या ठिकाणची वर्षे एकत्र मोजली जातात. सेवेचे वर्ष मोजताना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून साडेनऊ वर्षांची सेवा दहा वर्षांची ठरते. त्याहून कमी सेवा असेल तरी पैसे बुडत नाहीत. फॉर्म १० सी भरून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे रक्कम काढता येते, किंवा त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्र मागता येते. हे प्रमाणपत्र म्हणजे आजवरच्या सेवेची सरकारी नोंद असते, आणि पुढे कधीही दुसरी नोकरी मिळाली की ही जुनी सेवा त्या नोकरीतल्या सेवेला जोडता येते.

संदेशातला सल्ला नेमका या दुसऱ्या पर्यायावर पाणी फिरवतो. पेन्शनचे सूत्र साधे आहे: शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पेन्शनयोग्य वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. समजा एखाद्याने चार ठिकाणी प्रत्येकी सहा वर्षे नोकरी केली आणि प्रत्येक वेळी बाहेर पडताना पेन्शनचे पैसे काढून घेतले. प्रत्येक काढणीसोबत ती सहा वर्षे खात्यातून पुसली जातात, आणि चोवीस वर्षे राबूनही ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनसाठी त्याच्या नावावर काहीच उरत नाही. याच माणसाने सेवा जोडत नेली असती, तर २० वर्षांहून अधिक सेवेसाठी मिळणारी २ वर्षांची वाढ धरून त्याची सेवा २६ वर्षे झाली असती, आणि १५,००० रुपयांच्या वेतनावर पेन्शन महिन्याला सुमारे ५,५७० रुपये बसली असती. सेवेचा काही भाग २०१४ पूर्वीच्या ६,५०० रुपयांच्या मर्यादेतला असेल तर ही रक्कम कमी होईल, पण शून्य होणार नाही. शिवाय ती त्याच्यामागे पत्नीलाही अर्धी मिळत राहिली असती. ज्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या पत्र्यांसाठी आजच पैसे हवे आहेत, त्याची निकड मी नाकारत नाही. फंडातून आगाऊ रक्कम काढण्याची सोय त्यासाठीच आहे. पेन्शनच्या सेवेला हात लावणे हा मात्र शेवटचा उपाय असावा.

तिसरा मुद्दा सर्वांत जास्त भीती पसरवणारा आणि सर्वांत जास्त चुकीचा आहे: माणूस गेला की पैसे सरकारजमा. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर कुटुंब पेन्शनसाठी दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी जमा झालेली असणे पुरेसे आहे. विधवेला किंवा विधुराला हयातभर अथवा पुनर्विवाह होईपर्यंत पेन्शन मिळते. तिच्यासोबत एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के इतकी बाल पेन्शन मिळते. आई-वडील दोघेही नसतील तर मुलांना ७५ टक्के दराने अनाथ पेन्शन मिळते, आणि मूल कायमचे पूर्ण अपंग असेल तर त्याला वयाची मर्यादा नाही. दहा वर्षे पूर्ण करून नोकरी सोडलेला सभासद पेन्शन सुरू होण्यापूर्वी गेला, तरी कुटुंबाचा हक्क राहतो.

याशिवाय फंडातली सगळी शिल्लक वारसाला मिळते, आणि तिसरी एक रक्कम असते जिच्याबद्दल बहुतेक कुटुंबांना कोणी सांगतच नाही. ती कर्मचारी ठेव संलग्न विमा योजनेची, म्हणजे ईडीएलआयची. १९७६ पासून चालू असलेल्या या योजनेत कामगार काहीच भरत नाही, मालक ०.५ टक्का भरतो. मृत्यूपूर्वी सलग १२ महिने नोकरी असेल तर वारसाला किमान २.५ लाख आणि जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. त्यासाठी फॉर्म ५ आय एफ, फंडासाठी फॉर्म २० आणि पेन्शनसाठी फॉर्म १० डी असे तीन दावे करावे लागतात. घरातला कर्ता गेल्यावर फक्त फंडाचा दावा भरून थांबणारी कुटुंबे आहेत, आणि ‘सरकारने काही दिले नाही’ ही समजूत पुष्कळदा न भरलेल्या उरलेल्या दोन फॉर्मांतून जन्माला येते. सांगणारे कोणी नसेल तर यात त्या कुटुंबाचा दोष नाही.

वारस नोंदीविषयी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. लग्नापूर्वी आईचे किंवा भावाचे नाव लावलेले असेल, तर लग्न होताच फंडासाठीची ती नोंद आपोआप बाद ठरते आणि नवी करावी लागते. अविवाहित सभासदाचे पेन्शनच्या दृष्टीने कुटुंब (म्हणजे जोडीदार किंवा मुले) नसेल तर त्याने नेमलेल्या व्यक्तीला, आणि कोणालाही नेमले नसेल तर अवलंबून असलेल्या वडिलांना व त्यांच्यानंतर आईला पेन्शन मिळू शकते.

चौथा मुद्दा अपंगत्वाचा. ईपीएस-९५ मध्ये नोकरीत असताना कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व आले, तर दहा वर्षांची अट न लावता पेन्शन सुरू होते. ती दुर्घटना कारखान्यातच घडलेली असावी, असेही बंधन नाही. मात्र हा लाभ संपूर्ण अपंगत्वापुरता आहे. प्रेसवर दोन बोटे गेलेल्या कामगाराला तो मिळणार नाही, आणि चाकण-भोसरीपासून वाळूजपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यांत प्रत्यक्षात घडतात त्या बहुतेक दुखापती अशाच असतात. त्यांच्यासाठी ईएसआय आहे. कामावर झालेल्या दुखापतीसाठी ईएसआयमध्ये किमान सेवेची किंवा किमान वर्गणीची अट नाही; नोकरीच्या पहिल्या दिवशी झालेला अपघातही त्यात बसतो. काम करता येत नाही तोपर्यंत सरासरी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. त्यानंतर कायमचे व्यंग राहिले, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात मासिक रक्कम मिळते. कामावरच्या दुखापतीने मृत्यू आला तर अवलंबितांना त्याच ९० टक्क्यांच्या हिशेबाने लाभ मिळतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ, ठिकाण आणि कामाशी असलेला संबंध दाखवता आला तर, २०१० च्या दुरुस्तीपासून यात मोडतो.

हे हक्क कागदावर राहतात, कारण अपघाताची नोंदच केली जात नाही. खाजगी दवाखान्यात टाके घालून, हातात थोडे पैसे देऊन प्रकरण मिटवले जाते, आणि वर्षभरानंतर बोट वाकत नाही हे लक्षात येते तेव्हा पुरावा उरलेला नसतो. अपघात अहवाल पाठवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने वर्गणी भरली नव्हती म्हणून कामगाराचा हक्क संपत नाही. ईएसआय महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

पाचवा मुद्दा गोळ्यांचा. ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगा, औषधांचा तुटवडा आणि मोठ्या रुग्णालयात पाठवण्यास होणारा विलंब या तक्रारी खऱ्या आहेत, आणि डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला लागलेल्या आगीनंतर या व्यवस्थेच्या देखभालीबद्दल विश्वासाने बोलणे कोणालाही कठीण जावे. पण ईएसआय म्हणजे केवळ दवाखाना नव्हे. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार २०१९ पासून ०.७५ टक्का भरतो आणि मालक ३.२५ टक्के, म्हणजे १८,००० रुपयांच्या वेतनावर कामगाराचे १३५ रुपये. त्या बदल्यात स्वतःसह अवलंबून असलेल्या आई-वडिलांपर्यंतच्या कुटुंबाचे उपचार होतात, आणि आधीपासूनचा आजार आहे म्हणून कोणी वगळत नाही. आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ आजारांत, सेवेच्या अटी पूर्ण असतील तर, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळते. बाळंतपणात २६ आठवड्यांचे पूर्ण वेतन मिळते. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून जोडीदारासह उपचार चालू ठेवता येतात. या किमतीत असे संरक्षण देणारी एखादी खाजगी पॉलिसी संदेश लिहिणाऱ्याने दाखवावी.

सहाव्या मुद्द्यावर मी संदेशाच्या बाजूने आहे. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकलेली आहे, आणि तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. बुलढाण्यात पेन्शनधारकांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले ते ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्याच्या मागणीसाठी, आणि ती मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. परंतु कमी पेन्शनचे कारण दाखवून सेवाच पुसून टाकणाऱ्याला, उद्या किमान रक्कम वाढली तरी त्या वाढीचा लाभ मिळणार नाही.

ईएसआयचा १९४८ चा आणि फंडाचा १९५२ चा असे दोन्ही मूळ कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. वर दिलेले दर आणि अटी आधीपासून चालत आलेल्या योजनांच्या आहेत. नोकरी बदलणाऱ्याने जुन्या कंपनीत सोडल्याची तारीख नोंदली गेली आहे का, आधार आणि फंडाच्या नोंदीत नाव व जन्मतारीख जुळते का, आणि पासबुकात पेन्शनचा रकाना दरमहा भरलेला दिसतो का, या तीन गोष्टी बाहेर पडण्याच्या महिन्यातच पाहाव्यात. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी तर हे दर महिन्याला पाहावे. ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर मूळ मालक जबाबदार असतो, पण ठेकेदार बदलून गेल्यावर आपण त्याच्याकडे होतो हे सिद्ध करायला हजेरीपत्रक आणि पगारचिठ्ठी लागते.