मृग ४५ दिवस सरकला म्हणे!

आमच्या मोठ्या बाबांनी यंदा जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी थांबवली. रान तयार, बियाणं घरात, चांगला पाऊस झालेला, धुऱ्यापलीकडच्या वावरात सोयाबीन पेरणं चालू, आणि हे ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेले. काय झालं विचारलं तर फोनच माझ्यापुढे धरला. "हे पाय बाबू, नासानं सांगतलं. मिरग सरकला. आता पेरलं तं पुन्हा दुबार."

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्या मेहकर तालुक्यात तो कुठल्या ग्रुपवर नाही तेच शोधावं लागेल. दावे असे: पृथ्वीची कक्षा बदलली आहे. एरवी ९ कोटी किलोमीटरवर असणारा सूर्य आता १५ कोटी २० लाख किलोमीटरवर गेला आहे, त्यामुळे थंडी वाजेल, खोकला होईल, काढा प्या. मृग नक्षत्र ४५ दिवस पुढे गेलं आहे, तेव्हा २२ जुलैच्या आत पेरू नका. उन्हाळे तापतात तेही कक्षेमुळेच, धुराचा काही संबंध नाही. आणि हे सगळं नासाने मान्य केलं आहे. खाली चार जोडलेले हात आणि 'शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा'.

थंडीचं आधी उरकतो. सूर्य कधीच ९ कोटी किलोमीटरवर नसतो. जानेवारीच्या सुरुवातीला तो आपल्याला सर्वांत जवळ असतो, साधारण १४ कोटी ७१ लाखांवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५ कोटी २१ लाखांवर. हे दरवर्षी होतं. फरक साडेतीन टक्क्यांचाही नाही. आता सांगा, जवळ असतो तेव्हा जानेवारीत आपण काय करतो? शेकोटी पेटवतो. अंगाची लाही होते ती मे महिन्यात, कारण तेव्हा सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि दुपारी खांबाची सावली खांबाच्या बुडातच राहते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. बाकी काढा प्यायचा तर प्या, गळ्याला बरा असतो.

मला खरा राग आहे तो मृगावर. या एका ओळीने माणसाचा हंगाम जातो.

अर्धसत्य आहे ते मान्य करतो, नाइलाजाने. नक्षत्रं सरकतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक डुलकी पूर्ण व्हायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे आपलं नक्षत्रांवर चालणारं पंचांग ऋतूंच्या तुलनेत हळूहळू पुढे जातं. संक्रांत घ्या. दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरनंतर, आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. तेव्हा सरकण्याबद्दल वाद नाही. किती सरकतं, तेवढंच विचारा. २६ हजार वर्षांत ३६५ दिवस, म्हणजे साधारण ७१ वर्षांत एक दिवस.

मोठ्या बाबांचं वय ७१. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जन्मलात तेव्हापासून आजवर मृग सरकला तो एक दिवस. ४५ दिवस सरकायला ३,२०० वर्षं लागतील. मेसेजवाल्याने ती एका उन्हाळ्यात उरकली.

शिवाय पाऊस नक्षत्राला विचारून येत नाही. मृगाचं वाहन कोल्हा की बेडूक, याच्याशी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला देणंघेणं नाही. जमीन तापते, समुद्र त्या मानाने गार राहतो, बाष्प घेऊन वारे आत शिरतात, आणि हे सगळं सूर्य डोक्यावर कधी येतो त्यावर चालतं. जुन्या लोकांनी मृगाची खूणगाठ बांधली, कारण त्यांच्या अनुभवात ७-८ जूनच्या पुढेमागे पाऊस यायचा. ती खूण अजूनही कामाची आहे. पण पेरायचं ते ओल बघून. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं दरवर्षी घसा फोडून सांगतं. ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

उन्हाळ्याचं म्हणाल तर एकाच मेसेजमध्ये सूर्य लांब गेला म्हणून थंडीही आणि कक्षेमुळे उकाडाही! लिहिणाऱ्याने स्वतःच्याच वरच्या ओळी वाचलेल्या दिसत नाहीत. पण इथेही एक धागा खरा आहे, आणि तो इतका भारी आहे की असल्या कामाला जुंपलेला पाहून वाईट वाटतं. कक्षेमुळे हवामान बदलतं, हे मिलुतिन मिलान्कोविच या सर्बियन शास्त्रज्ञाने उभं आयुष्य आकडेमोड करून मांडलं. कक्षा कधी जास्त लांबट, कधी जवळजवळ गोल होते, तिचा मोठा फेरा सुमारे १ लाख वर्षांचा. आसाचा कल २२ ते साडेचोवीस अंशांच्या दरम्यान बदलतो, ४१ हजार वर्षांत. तिसरी ती डुलकी. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या तळातला गाळ तपासला. साडेचार लाख वर्षांचा तो गाळ, आणि हिमयुगं याच फेऱ्यांच्या तालावर आली-गेली हे त्यात दिसलं.

एवढ्या लांबही जायला नको. आमच्या गावाहून लोणार तासाभरात येतं. तिथल्या तळ्याच्या तळातून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला. तळाशी ११ हजार वर्षांपूर्वीचा गाळ, वर आजचा. त्या काळी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ यायची ती आपल्या उन्हाळ्यात, आजच्यासारखी जानेवारीत नव्हे. त्यामुळे जमीन जास्त तापायची, पावसाळा जोरदार व्हायचा. सहाराच्या वाळवंटात तेव्हा तळी होती, गवत होतं. लोणारच्या गाळातही ओलं युग स्पष्ट दिसतं. पुढे तो जोर हजारो वर्षांत ओसरत गेला. ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या थरात तर गेलुसाइटचे खडे सापडतात. पाणी आटून अतिखारट झालं की ते तयार होतात. सातशे वर्षांचा दुष्काळच तो! आणि गंमत बघा, या लांबलेल्या दुष्काळांचं कारण २०१४ च्या त्या अभ्यासातही एकट्या कक्षेवर टाकलेलं नाही. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या उष्ण पाण्याशी त्याचा संबंध जोडला आहे.

म्हणजे कक्षेचं काम चालतं ते हजारो वर्षांच्या हिशेबाने. मागचं हिमयुग उतरताना पृथ्वी सुमारे ५ अंशांनी तापली, त्याला १० हजार वर्षांच्या आसपास लागली. आताची सव्वा शतकातली वाढच १ अंशाच्या वर आहे. कक्षेच्या हिशेबाने तर सध्या आपण अगदी सावकाश गार व्हायला हवं. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेत ८ लाख वर्षं कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८० ते ३०० भाग, या दरम्यान राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. हा जास्तीचा कार्बन कोळसा आणि तेल जाळून आला. आता यात धुराचा संबंध नाही म्हणायचं तर धाडस लागतं.

नासाने काय मान्य केलं? कक्षेचे फेरे आताच्या तापमानवाढीचं कारण असू शकत नाहीत, असं नासानेच २०२० मध्ये सविस्तर लिहिलं आहे. मेसेजच्या बरोबर उलट.

हे सगळं मी मोठ्या बाबांना ओसरीवर बसून सांगितलं, दोन संध्याकाळी. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मंग मागच्या साली माहं दुबार काहून झालं?"

तेव्हा कळलं की मेसेज घुसला कुठून. मागच्या वर्षी पहिल्या सरीवर पेरलं, मग तीन आठवडे थेंब नाही, बियाणं मातीत जळालं, पुन्हा उसनवारी. ज्याचं एकदा असं झालं त्याला 'थांबा' म्हणणारा कोणीही शहाणा वाटणारच. मी म्हटलं, ओल वरवरची होती, खालची माती कोरडी. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळ घेऊन वावरात गेले, दोन-तीन जागी खणून पाहिलं, वीतभर ओल लागली तशी पेरणीवाल्याला फोन केला.

सोयाबीन ८ जुलैला पडलं. मुगाची वेळ मात्र गेली होती. ती पाच किलोची पिशवी अजून माळ्यावर आहे.