एकट्या माणसाच्या बोटभाड्याबद्दल आमचं उत्तर

नमस्कार सर,

बामणोलीच्या आमच्या होमस्टेबद्दल आणि पाण्यापलीकडच्या धनगरवाड्याला केलेल्या बोटफेरीबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. आपण आमच्याकडून नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. रात्री लाईट गेल्यानं आपले हाल झाले, तेही खरं आहे.

पण एक तारा देऊन आपण लिहिलंत की ‘एकटा माणूस बघून बोटीत लुटलं’. ते वाचल्यावर घरात कुणाला जेवण गेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बामणोलीत भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. दर बोट क्लबचा, पावतीही क्लबचीच. त्यातला एक रुपया आमच्या हातात येत नाही. आठजण बसले की भाडं आठजणांत वाटलं जातं, एकटा असला की सगळं त्याच्यावर येतं. डिझेल दोन्ही वेळेला तेवढंच जळतं. शिवाय आपण वर धनगरवाड्यावर होतात तोवर बोटवाला पलीकडच्या काठावर आपल्यासाठी बसून होता. तेवढ्या वेळात त्याची दुसरी फेरी बुडाली. बोट म्हणजे वडापची जीप नव्हे, शीटा भरेपर्यंत थांबायला. अंधार पडायच्या आत धक्क्याला परत लागावंच लागतं. आपण लिहिलंत ‘घाई करून खाली उतरवलं’, त्याचंही कारण हेच.

आणि हे सगळं आधी सांगितलं होतं. फोनवर म्हटलं होतं, शनिवार-रविवारी या, पुण्या-मुंबईचे ग्रुप असतात, त्यांच्या बोटीत जागा करून देऊ. आपण म्हणालात गर्दी नको, मंगळवारीच येतो. त्यात काही वावगं नाही. वाड्यावर एकट्यानं गेलेलं आम्हालाही आवडतं, घोळका गेला की म्हशी बुजतात आणि माणसंही बोलत नाहीत. पण रक्कम मेसेजमध्ये लिहून पाठवली होती आणि त्यावर आपला ‘ओके’ आला होता. तो अजून फोनमध्ये आहे.

‘वाडा खरा नाही, तिथं सोलर आणि मोबाईल आहे’ असंही आपण लिहिलंत. सर, हे म्हशी पाळणारे गवळी धनगर. पूर्वी लोणी-तूप घेऊन घाट उतरायचे आणि त्याच्या बदल्यात धान्य घेऊन वर यायचे. १९६४ ला कोयना धरण पूर्ण झालं, त्याच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्यात शेतं गेली, वाटाही गेल्या. आता आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तर बोट लागते, आणि बोट बोलवायला मोबाईल लागतो. २०१० पासून शेजारचं कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बिबट्या गोठ्यापर्यंत येतो, म्हणून दारात दिवा. कुडाच्या भिंती, म्हशी, चूल, सगळं आपण डोळ्यांनी पाहिलंत. पाहुण्यांना दाखवायला म्हणून तिथं काही मांडलेलं नसतं.

आपण न विचारता चुलीपाशी कॅमेरा नेलात तेव्हा वाड्यावरच्या आजीनं पदर ओढून तोंड फिरवलं. तरी नंतर तिनंच आपल्याला नाचणीची भाकरी आणि ताक दिलं, पैसे घेतले नाहीत. अभिप्रायात त्याचा एक शब्द नाही, याचं फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात वासोटा किल्ल्याची वाट बंद असते. सप्टेंबर-ऑक्टोबरला कासची फुलं, मग दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत येतील ते पाहुणे, एवढ्यावर आमचं वर्षाचं भागतं. लोक आधी तारे बघतात आणि मग फोन करतात.

बोटीच्या दराचा फलक दाराशी लावतो आहोत. एकट्यानं येणाऱ्यांना सोबत मिळावी म्हणून पुढच्या हंगामात काहीतरी सोय करू, लाईटचंही बघतो. तारे आपल्याला द्यायचे तेवढे द्या, पण लुटल्याचं जे लिहिलंय तेवढं काढावं, ही हात जोडून विनंती.

आपला,
होमस्टे चालक, बामणोली, जि. सातारा