बंडगार्डनखालचं ते रान तसंच राहू द्या

पुण्यात 'बंडगार्डन' हा शब्द आपण दिवसातून चारदा तरी म्हणतो. पण त्यातलं 'बंड' म्हणजे नदीवरचा बंधारा, हे परवा माझ्या दहा वर्षांच्या भाचीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. कुणीतरी तिथे इंग्रजांविरुद्ध बंड केलं असेल, असं ती धरून चालली होती.

मग तिला पहाटे घेऊनच गेलो.

हा दगडी बंधारा १८५० च्या सुमाराचा. बांधायला मोठी देणगी दिली सर जमशेटजी जीजीभॉय यांनी, मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमधले 'जे.जे.' तेच. १८४२ मध्ये 'सर' किताब मिळालेले ते पहिले भारतीय. त्यांनी पुण्याच्या पाण्यासाठी पैसा घातला, हे पुण्यातच फार कुणाला ठाऊक नाही. मुळा-मुठेचं पाणी इथे अडवायचं आणि पंपाने उचलून कॅम्पकडे, म्हणजे लष्करी छावणीकडे, न्यायचं, अशी सोय होती. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण झालं आणि या बंधाऱ्याचं महत्त्व ओसरलं. शेजारी फुललेल्या बागेला मात्र त्याचंच नाव चिकटलं. कागदोपत्री ती आता महात्मा गांधी उद्यान आहे, रिक्षावाल्याला मात्र बंडगार्डनच सांगावं लागतं.

ज्या पाण्यासाठी कुणी लाखोंची देणगी दिली, त्याच पाण्यावरून जाताना आज आपण गाडीची काच वर करतो. मला याची खरोखर लाज वाटते.

बंधाऱ्याच्या खाली, येरवड्याच्या काठाने, कल्याणीनगरच्या पाठीमागे झाडीचा एक पट्टा आहे. लोक त्याला सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. नावात अभयारण्य असलं, तरी वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्याला नाही. बाभूळ, करंज, सुबाभूळ, खाली वाढलेलं गवत, मध्येच राडारोड्याचे ढीग. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळं ओबडधोबडच वाटेल.

आम्ही काठावर बसलो. समोरच्या दगडावर एक वंचक, म्हणजे छोटा बगळा, होता. मातकट रंगाचा, दगडासारखाच निश्चल. भाचीला पाच मिनिटं तो दिसलाच नाही. मग तो उडाला आणि मिटलेल्या पंखांतून एकदम पांढराशुभ्र रंग उघडला. ती ओरडलीच. त्याच वेळी रातबगळे आपली पाळी संपवून झाडांवर परतत होते.

२०२२ पासून शहरात नदीकाठ सुधारण्याची कामं चालू आहेत. नदी स्वच्छ व्हावी, लोक काठावर यावेत, याला कोण नाही म्हणेल? पण काठ दगडाने बांधून काढला की गवत जातं, गवतातले किडे जातात, उथळ चिखल जातो. वंचक उभा राहणार कुठे? काठची झाडं माती धरून ठेवतात, पुराचा जोर अंगावर घेतात. ते काम शोभेची हिरवळ करत नाही. आधी नाल्यांतून येणारं मैलापाणी थांबवा, पैसा तिथे ओता. ही झाडी काही मागत नाही. राडारोडा टाकणं बंद केलं आणि कायद्याने तिला जैवविविधतेची जागा म्हणून पक्कं राखलं, तरी पुरे.

आणखी एक. शेकाट्यांचे थवे बघून 'नदी सुधारली' असं लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं. ते लांब गुलाबी पायांचे पक्षी सांडपाण्यातल्या अळ्या-किड्यांवर मजेत जगतात. ते दिसले की मला आनंद होतो आणि पोटात कालवतंही.

माझी एवढी मागणी आहे की बंधाऱ्याजवळ एक साधी मराठी पाटी लावावी: हा कुणी, कधी, कशासाठी बांधला. परतताना भाचीने विचारलं, "मामा, तेव्हा लोक हे पाणी खरंच प्यायचे?" मी हो म्हटलं. ती मागे वळून बराच वेळ फेसाकडे बघत राहिली.