‘चांगली नक्षी असलेले टायर भंगारात काढायला लावले’ या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

नमस्कार साहेब,

एक तारा दिलात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अभिप्रायात ‘फसवणूक’ हा शब्द आहे, म्हणून उत्तर फोनवर न देता इथेच सगळ्यांसमोर देतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. साहेबांनी सेकंडहँड कॅम्पर व्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेतली आणि कोकणात जायच्या आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, आमच्याकडे अलाइनमेंटला आणली. त्यांचं म्हणणं असं की नक्षी जवळजवळ पूर्ण शिल्लक असलेले चार टायर आम्ही घाबरवून बदलायला लावले. नव्या चारपैकी दोघांवर तारखेचे आकडेच नाहीत, म्हणजे ते डुप्लिकेट; ज्या दोघांवर आहेत ते चार महिने जुने. शिवाय टायरवर ‘ई ४’ छापलंय, ते नेदरलँड्सचं चिन्ह, आणि आम्ही माल भारतीय म्हणून विकला.

आधी जुन्या टायरचं बोलू, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. नक्षी शिल्लक होती, हे शंभर टक्के खरं. पण चाक उतरवल्यावर आतल्या बाजूचे, टायर कधी बनला ते सांगणारे आकडे मी वाचले नाहीत, तुम्हालाच वाचायला सांगितले होते. १११६. म्हणजे २०१६ चा अकरावा आठवडा, मार्च महिना. जवळपास पावणेनऊ वर्षं. बाहेरून टायर काळाभोर चमकत होता, कारण गाडी विकणाऱ्याने पॉलिश मारलं होतं. आमच्या पोराने ओल्या फडक्याने पुसल्यावर रिमच्या वर दोन बोटांवर बारीक भेगा उघड्या पडल्या. नक्षीच्या खाचेत टॉर्च मारला तर तळालाही भेगा, आणि त्यांत मातीची रेघ भरलेली. माती भरली म्हणजे भेग कालची नाही.

रोज धावणाऱ्या टॅक्सीचा टायर वय होण्याआधीच गोटा होतो, तिथे तारीख बघायची वेळ क्वचितच येते. कॅम्परचं उलटं आहे. ती वर्षातले बरेच महिने पार्किंगमध्ये उन्हात उभी. रबरात ओझोनपासून वाचवणारी रसायनं आणि मेण घातलेलं असतं. टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. गाडी उभीच राहिली की हे नीट होत नाही आणि रबर कडक होत जातं. त्यात कॅम्परचं वजन कधी उतरत नाही. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, पलंग, ओटा, सगळं कायम टायरवरच. मग एक दिवस तीच गाडी पूर्ण भरून, भर दुपारी, हायवेला नव्वदच्या वेगाने निघते. आतल्या स्टीलच्या पट्ट्यांवरची पकड सुटली तर सालपट निघावं तसा नक्षीचा अख्खा पट्टा निघून येतो. अशा वेळी नक्षी किती मिलिमीटर होती याला काही अर्थ उरत नाही.

हे फक्त आमच्या दुकानाचं मत नाही. कितीतरी गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात, आणि मोठ्या टायर कंपन्या उत्पादनापासून दहा वर्षं ही शेवटची हद्द धरतात, तीही तोवर दरवर्षी तपासणी झाली असेल तर. जर्मनीत कॅरव्हॅन ओढताना ताशी १०० किलोमीटरची परवानगी हवी असेल तर कॅरव्हॅनचे टायर सहा वर्षांच्या आतलेच लागतात. ब्रिटनने फेब्रुवारी २०२१ पासून बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर बंद केले. टायर विकण्यात माझा फायदा आहे, तो मी लपवत नाही. म्हणूनच आकडे गिऱ्हाइकाला स्वतः वाचायला लावतो.

आता तारखेचं. आठवडा-वर्षाचे चार आकडे टायरच्या बहुधा एकाच बाजूला असतात. टायरच्या साच्याच्या दोन भागांपैकी एकातच तारखेची छोटी पट्टी असते, ती दर आठवड्याला बदलतात. दुसऱ्या बाजूला ‘डीओटी’ (अमेरिकेच्या परिवहन खात्याची खूण) आणि त्यापुढची काही अक्षरं दिसतील, तारीख नसेल. तुमच्या दोन चाकांवर तारखेची बाजू आत गेली आहे, एवढंच. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, मोबाईल आत धरून फोटो काढा. मागच्याला खाली वाकावं लागेल. फोटोत ३१२४ दिसेल. शिवाय टायर रिमवर चढवायच्या आधी आम्ही चौघांचे आकडे बिलावर लिहिले आहेत. बिल तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, ताडून बघा.

३१२४ म्हणजे जुलै-ऑगस्ट २०२४ च्या सांध्यावरचा माल. डिसेंबरात बसवला, तर चार महिने. तो जुना माल नव्हे. कारखाना, गोदाम, वितरक, दुकान एवढ्या प्रवासात काही महिने जाणारच. सावलीत, कोरड्या जागी ठेवलेल्या टायरचं यात काही बिघडत नाही. दोन वर्षं पडून राहिलेला माल कोणी नव्याच्या भावात देत असेल तर जरूर भांडा, मीही तुमच्या बाजूने बोलेन.

‘ई’ पुढचा आकडा टायर कुठे बनला ते सांगत नाही. कोणत्या देशाने त्या प्रकारच्या टायरला मंजुरी दिली ते सांगतो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स. भारतातल्या कारखान्यात बनलेल्या टायरवरही ‘ई ४’ असतं, कारण तेच टायर युरोपात निर्यात होतात. टायर कुठला ते बघायचं असेल तर साइडवॉलवर रबरातच उठवलेलं ‘मेड इन’ वाचा. ‘डीओटी’नंतरची पहिली दोन अक्षरं, नव्या टायरवर तीन, ही कारखान्याची खूण. आपल्याकडे आणखी एक सोपी गोष्ट आहे: आयएसआयचा शिक्का, व्यावसायिक गाडीच्या टायरला आयएस १५६३६, कारच्या टायरला १५६३३, आणि त्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका, परवाना कोणत्या कंपनीच्या कोणत्या कारखान्याचा ते समोर येतं. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली, त्याआधी बाहेरचा स्वस्त माल बाजारात बराच होता, त्यामुळे शंका येणं मी समजू शकतो. संशय घ्यायचाच तर तारखेची जागा घासलेली दिसेल त्या टायरवर घ्या.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही, कारण माल आणि बिल दोन्ही बरोबर आहेत. पण गाडी कधीही आणा, ती दोन चाकं तुमच्यासमोर उतरवून आकडे दाखवतो आणि परत बॅलन्सिंग करून देतो, पैसे घेणार नाही. आमच्यावर भरवसा नसेल तर दुसऱ्या कुठल्याही टायरवाल्याकडे दाखवा.

आणि एक राहिलंच. स्टेपनी बदलायला तुम्ही नाही म्हणालात. तिच्यावरही १११६ आहे. नवीन आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण पंक्चर झाल्यावर ती लावून कोकणातून घाट चढून परत यायचा विचार असेल तर आधी तिच्या खाचांत एकदा टॉर्च मारून बघा.

— दुकानमालक