फुग्यांचा मेसेज

आज मामाचा वाढदिवस. घरातल्या कुणी फोन करायच्या आत, सकाळी पावणेआठला, एका हॉस्पिटलचा मेसेज त्याला पोचला होता. 'आपणास निरोगी दीर्घायुष्य लाभो', आणि खाली रंगीत फुगे. मामाने तो हसत हसत घरच्या ग्रुपवर टाकला. मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून डोकं तापलंय.

हे तेच हॉस्पिटल, जिथे २००९ साली हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत मामाला हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरचा विषाणूजन्य आजार, निघाला. तेव्हा उपचार म्हणजे इंटरफेरॉन. अनेकांना ४८ आठवडे इंजेक्शनं, ताप, अंगदुखी, मन खचणं, आणि एवढं सोसूनही बरं होण्याची खात्री नाही. 'लिव्हर सध्या ठीक आहे, सहा महिन्यांनी या,' असं सांगितलं गेलं. मामा गेला नाही. बरं, त्याची चूक. मान्य.

पण २०१३च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मंजुरी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत चित्रच पालटलं. नुसत्या गोळ्या. बहुतेकांना ८ ते १२ आठवड्यांचा कोर्स, आणि शंभरातले ९५ तरी कायमचे बरे. जुनाट विषाणूजन्य आजार असा मुळासकट जातो, हे किती वेळा घडतं हो? आणि मामाला ते सांगितलं कुणी? कुणीच नाही! त्याच्या डोक्यात हा आजार म्हणजे वर्षभराची इंजेक्शनंच. दुखत-खुपत काही नव्हतं, कारण हा आजार वीस-तीस वर्षं गप्प बसून लिव्हर पोखरतो. रिपोर्ट कपाटात, विम्याच्या कागदांखाली.

२०२१मध्ये त्याचे पाय सुजले, पोटात पाणी झालं. सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेलं.

'पेशंट फॉलो-अपला आला नाही' या वाक्याची मला चीड येते. अरे, तो हरवला नव्हता! तोच पत्ता, तोच नंबर. फुगे बरोबर पोचले ना? फोन करायला माणसं नसतात, नंबर बदलतात, गोपनीयतेचे नियम असतात, सगळं खरं. पण नेदरलँड्समध्ये प्रयोगशाळांच्या जुन्या नोंदी उपसून अशा लोकांना पुन्हा बोलावलंच ना. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२पर्यंतचा हिशोब सांगतो की शंभर बाधितांपैकी ३६ जणांना आजार कळला, उपचार मिळाले २० जणांना. मधले सोळा म्हणजे माझा मामा. त्यांना शोधायला नवी तपासणी मोहीम नको, रजिस्टर उघडा आणि फोन लावा.

आणि फोन लावणाऱ्याने 'इतकी वर्षं का आला नाहीत?' असं विचारू नये. ते ऐकलं की माणूस फोन ठेवतो. 'आता इंजेक्शन नाही, गोळ्या आहेत,' एवढं वाक्य पुरे. काही जणांची तर फक्त अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची, तपासणी झालेली असते. ती विषाणू गेल्यावरही पॉझिटिव्हच येते. विषाणू आपोआप गेलेलेही असतात त्यांच्यात, उगाच जीव मुठीत धरून बसलेले. विषाणू रक्तात अजून आहे का, हे दाखवणाऱ्या एका आरएनए तपासणीचं काम.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, आणि दुसरंच आठवलं. मामाचा पेला वेगळा असायचा. टॉवेल वेगळा. आम्हा पोरांना ताटातला घास द्यायचा माणूस, २००९नंतर एकदम थांबला. मामीला वाटायचं, वय झालं, तऱ्हेवाईक झालाय. तिला त्याने आजाराचं सांगितलंच नव्हतं. हा आजार रक्तातून पसरतो, पेल्यातून किंवा घासातून नाही, हे त्याला बारा वर्षं माहीत नव्हतं. एका फोनमध्ये हेही कळलं असतं.

शेवटी १२ आठवडे गोळ्या घेतल्या. त्यानंतर आणखी १२ आठवड्यांनी तपासणी केली तर विषाणू नाही. त्या संध्याकाळी त्याने मामीच्या कपातला चहा प्यायला, आम्हाला दाखवून. लिव्हर मात्र आधीच कडक झालंय.

दुपारी फोन केला तेव्हा म्हणाला, "अगं, आठवण तरी ठेवली त्यांनी." मी काही बोलले नाही. सिरोसिस झालेल्याला विषाणू गेल्यावरही कॅन्सरची भीती उरतेच, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. पुढची येत्या महिन्यात आहे. तिची आठवण करून देणारा मेसेज येत नाही. माझ्या मोबाइलमध्ये गजर लावलाय.